रानडे काय बोलले आणि रानडे काय वागले

पारावरचा

विषय जुनाच आहे, पण मला तो नावागावासकट मांडायचाय. हवेत बोलायला लागलो की सगळ्यांचंच बरोबर असतं.

१८७३ साल. महादेव गोविंद रानडे पुण्यात न्यायखात्यात, वय एकतीस. विधवाविवाहाच्या चळवळीतलं पहिल्या फळीतलं नाव. चारच वर्षांपूर्वी, १८६९ मध्ये, वेणूबाईंचा गाजलेला पुनर्विवाह झाला. त्या लग्नापायी ज्यांच्यावर बहिष्कार पडला त्यांत रानडेही होते. म्हणजे नुसता व्याख्यानं झोडणारा माणूस नव्हे, थोडी झळ सोसलेला. १८७३ मध्येच त्यांची पहिली पत्नी वारली. वडिलांना धास्ती, की हा आता एखादी विधवा घरात आणतो की काय. त्यांनी घाईने देवराष्ट्र्याच्या कुर्लेकरांची मुलगी पाहिली आणि वर्ष उलटायच्या आत लग्न लावून टाकलं. मुलगी अकरा वर्षांची. तीच पुढे रमाबाई रानडे.

रानड्यांनी नकार दिला, विनवण्या केल्या, शेवटी वडिलांच्या शब्दापुढे मान तुकवली. हे कुणी शत्रूने रंगवलेलं नाही, खुद्द रमाबाईंनी आपल्या आठवणींत लिहिलंय.

आता दुसरा माणूस. विष्णुशास्त्री पंडित, इंदुप्रकाशचे संपादक, याच चळवळीतले. त्यांचीही पहिली पत्नी वारली आणि १८७४ मध्ये त्यांनी विधवेशी लग्न केलं. वयाने रानड्यांपेक्षा पंधरा वर्षांनी मोठे, विद्वत्तेत रानड्यांच्या जवळपासही कुणी त्यांना बसवणार नाही. पण प्रसंग आला तेव्हा जे छापत होते तेच केलं. आज रानड्यांचं नाव शाळकरी पोरालाही ठाऊक आहे. विष्णुशास्त्री म्हटलं की लोक चिपळूणकर समजतात.

माझं म्हणणं सरळ आहे. माणसाची मतं काय होती याला आपण फार भाव देतो. चरित्रं मतांवर लिहिली जातात, पुतळे मतांचे उभे राहतात. त्या अकरा वर्षांच्या मुलीच्या वाट्याला मात्र मतं आली नाहीत, एकतीस वर्षांचा नवरा आला. मी तरी वागणं आधी धरीन, मत नंतर. तुम्हाला काय वाटतं?

(लोकमान्य भक्त आणि लोकमान्य विरोधक, दोघांनीही कृपया दुसरा धागा काढावा.)

खवट_आंबा

बोलाचीच कढी, बोलाचाच भात. संपला विषय. कुलूप लावा धाग्याला.

सायली_पुणे३०

वाचतेय. पारावरचा, एक राहिलं तुमच्याकडून. लग्न होऊन ती मुलगी पुण्यात आल्यावर रानड्यांनी लगोलग पाटी-पेन्सिल आणून तिला अक्षरं शिकवायला घेतली. हेही रमाबाईंच्या त्याच आठवणींत आहे की! घरातल्या बायका तिला टोचून खायच्या, 'शिकून काय दिवे लावणार', वगैरे. तरी शिकवणं थांबलं नाही. मराठी झालं, मग इंग्रजी. पुढे १८८४ मध्ये हुजूरपागा ही मुलींची शाळा निघाली त्यात रानडे होते, आणि रमाबाई तर पुढे सेवासदन चालवण्याइतक्या मोठ्या झाल्या.

वागणंच धरायचं म्हणता ना, मग एका दिवसाचं धरायचं की सत्तावीस वर्षांचं? लग्न एक दिवस होतं. शिकवणं रोज होतं.

पारावरचा

सायली, मान्य. पण बघा, यातही तुम्ही वागण्याचाच दाखला देताय. 'त्यांची मतं उदात्त होती, तेव्हा माफ करा' असं नाही म्हणालात. माझं काम सोपं केलंत.

बार_रूम

मी वकील आहे, त्यामुळे उलट बाजू घेणं हा धंदाच.

१८७३ साली पुणे-मुंबईकडे बायको गेल्यावर दहा-अकरा वर्षांच्या मुलीशी दुसरं लग्न केलेले किती मामलेदार, सबजज्ज, सावकार असतील? शेकड्याने असतील. त्यातल्या एकाचं तरी नाव या धाग्यावर कुणाला सांगता येईल का? नाही. एकशेपन्नास वर्षांनी फक्त रानड्यांवर खटला चालतो. का? कारण ते आधी बोलले होते. ज्याने तोंडच उघडलं नाही, त्याच्याविरुद्ध पुरावाच नाही.

म्हणजे मत जाहीर करणं हेही एक वागणंच झालं ना? आपल्याविरुद्ध वापरता येईल असा दस्तऐवज माणूस स्वतःच्या हाताने लिहून देतो. तिथे मी रानड्यांना शंभरातले साठ देतो. ते लग्न करून बसले म्हणून त्यांच्या तोंडचं वाक्य खोटं ठरत नाही. उलट ते वाक्य इतरांच्या हातात राहिलं, त्यांच्याच अंगावर फेकायला का होईना.

आणि वीस वर्षांनी काय झालं? १८९३ मध्ये धोंडो केशव कर्व्यांनी पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनातल्या गोदूबाई या विधवेशी लग्न केलं. कर्वे त्या वेळी फर्ग्युसनला गणित शिकवत होते, पहिली पत्नी दोन वर्षांपूर्वी गेलेली. अगदी रानड्यांचाच प्रसंग, उत्तर वेगळं. ही हिंमत काही आकाशातून पडली नाही. मधल्या वीस वर्षांत विषय इतका घासला गेला होता की निदान पाठीशी उभे राहणारे चार लोक तरी मिळाले. तो घासण्याचा उद्योग बोलणाऱ्यांनीच केला. त्यात रानडे होते.

खवट_आंबा

वकीलसाहेब, म्हणजे चोरी करण्याआधी चोरीविरुद्ध भाषण दिलं की शिक्षेत सूट?

बार_रूम

सूट नाही हो. पण त्या भाषणामुळे तिसऱ्या कुणाच्या घराला कुलूप लागलं असेल, तर तेही वहीत लिहा.

शिरोळ_एक्सप्रेस

इतिहास बाजूला ठेवून थोडं आजचं सांगतो. मी शिरोळ तालुक्यातला. आमच्या तालुक्यातल्या हेरवाड गावाने मे २०२२ मध्ये ग्रामसभेत ठराव केला, की नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत, मंगळसूत्र-जोडवी काढायची नाहीत. राज्य सरकारने लगेच परिपत्रक काढलं, इतर गावांनीही असं करावं म्हणून. पेपरात आलं, टीव्हीवर आलं. चांगलंच झालं, गावाचा अभिमान आहे.

पण ठराव एक आणि दहाव्याला दारात जमलेल्या बायका एक. आमच्याच भावकीत पुढच्या वर्षी एक मयत झालं. तोवर आमच्या गावातही ठराव झाला होता. ठरावाला हात वर केलेली माणसं ओट्यावर बसलेली, आणि आत बांगड्या फुटल्या. कुणी जबरदस्ती केली नाही. 'तिचीच इच्छा होती' म्हणाले. तिची इच्छा विचारली कुणी, तर सासूने. सगळ्यांसमोर.

तिथे एकच म्हातारी आडवी बोलली. माझी चुलत आजी. शाळेचं तोंड न पाहिलेली, एकादशी-चतुर्थी सगळं कडक पाळणारी, ठराव म्हणजे काय हे तिला माहीतही नसेल. ती एवढंच म्हणाली, 'माझ्या फोडल्या तेव्हा काच रुतली होती मनगटात, आता ह्या पोरीच्या कशाला?' बांगड्या फुटून गेल्या होत्या. पण कुंकू पुसायला पुढे झालेला हात तिने धरला. कुंकू राहिलं. ती सून आज कपाळाला टिकली लावून अंगणवाडीत कामाला जाते.

आता आजीचं तत्त्वज्ञान काय म्हणायचं? तिच्या मते स्त्री-पुरुष समान नाहीतच. विचारलंत तर तसं तोंडावर सांगेल.

मनू_मराठे

शिरोळ_एक्सप्रेस, __/\__ याहून जास्त काही लिहिता येत नाहीये.

सायली_पुणे३०

आजी भारी! पण एक बोलू का? ठराव झालेला होता म्हणून तर आजीला कुणी गप्प बसवू शकलं नाही. ठरावाला हात वर करणारे ओट्यावरच होते, ते कुठल्या तोंडाने 'पूस कुंकू' म्हणणार? दहा वर्षांपूर्वी तिचं कुणी ऐकलं असतं का?

शिरोळ_एक्सप्रेस

हे खरं आहे. दहा वर्षांपूर्वी आजीसुद्धा बोलली नसती.

टवाळ_पोर

या विषयावर पीएचडी करायची तर रविवारच्या पेपरातल्या लग्नाच्या जाहिराती वाचा. 'उच्चविचारी कुटुंब, जातीची अट नाही, एससी एसटी क्षमस्व.' चार बाय दोन सेंटिमीटरमध्ये अख्खा महाराष्ट्र. तत्त्वज्ञान पहिल्या दोन शब्दांत, वागणं शेवटच्या एका शब्दात, आणि वर क्षमापण!

न्यूजर्सी_नाना

आमच्याकडचं सांगतो. इथे प्रत्येक मराठी पुरुष स्त्रीमुक्तीवादी. नाइलाज आहे, मोलकरीण परवडत नाही. पोळ्या येतात, डिशवॉशर लावता येतो, पोरांचे डायपर बदलून झालेत. मंडळाच्या स्मरणिकेत 'समतेचे सहजीवन' छापाचा एक लेख दरवर्षी असतोच. हाच माणूस डिसेंबरात नाशिकला उतरला की तिसऱ्या दिवशी ताट तसंच टेबलावर सोडून उठतो. आई म्हणते, 'राहू दे रे, तू दमलायस.' बायको, जी त्याच विमानातून आलीये, ती उचलते.

माझा प्रश्न असा की यातलं खरं वागणं कुठलं? अकरा महिन्यांचं की एका महिन्याचं? इथलं मतामुळे नाही, सोयीमुळे आहे. तिथलं बिनमताचं, सवयीमुळे. मत बिचारं दोन्हीकडे बिनखात्याचा मंत्री.

गोदाक्का

नानांचा प्रतिसाद फ्रेम करून लावावा असा. पण मला धाग्याच्या मूळ मांडणीशीच भांडायचंय.

पारावरचा, तुम्ही रानडे खाली आणि विष्णुशास्त्री वर असा तराजू धरलाय. वकीलसाहेबांनीही तोच धरला, विष्णुशास्त्र्यांच्या जागी कर्वे, फक्त रानड्यांच्या पारड्यात चिमूटभर जास्त टाकलं. तोलणारे दोघंही पुरुषच बघताहात: यांनी आपलं तत्त्व पाळलं का, त्यांनी पाळलं का. मी विचारते, त्याचं बिल कुणी भरलं?

रानड्यांनी तत्त्व मोडलं, बिल रमाबाईंनी भरलं. हे सगळ्यांना दिसतं. कर्व्यांनी तत्त्व पाळलं, त्याचं बिल कुणी भरलं? आनंदीबाई कर्व्यांचं 'माझे पुराण' काढून वाचा, गोदूबाईच त्या. लग्नानंतर मुरूडला गावाने बहिष्काराचा ठराव केला. तिथवर दोघांचं दुःख समान. पण पुढे अण्णांनी, म्हणजे कर्व्यांनी, १८९६ मध्ये विधवांसाठी आश्रम काढला आणि घरातला पैसा तिकडे वाहायला लागला. स्वतःच्या विम्याची पॉलिसीसुद्धा आश्रमाला देऊन टाकली. घरात पोरं लहान. अण्णा महर्षी झाले, १९५८ मध्ये भारतरत्न झाले, शंभरी पार केली. आनंदीबाईंनी संसार ओढला. त्या पुस्तकात त्या रडत नाहीत, चांगल्या फटकळ आहेत. पण वाचताना लक्षात येतं, की 'तो तत्त्वाला जागला' या वाक्यातला 'तो' आपण सुटा करून बघतो. घरात सुटं कुणी नसतं.

आणि एक गंमत बघा. याच कर्व्यांनी आश्रम सुरू केल्यावर विधवांच्या शिक्षणावर भर दिला, पुनर्विवाहाचा प्रचार आश्रमापासून लांब ठेवला. नाहीतर लोकांनी मुली पाठवल्याच नसत्या. ज्याने स्वतः विधवेशी लग्न करून दाखवलं, त्याने संस्थेच्या दारात तोच विषय काढायचा नाही असं ठरवलं. हे तत्त्व मोडणं का पाळणं? माझ्या मते शहाणपण होतं. तुमच्या काट्यावर ते कुठे बसतं, सांगा.

पारावरचा

गोदाक्का, बसत नाही. काटा लहान पडतोय हे कबूल, पण फेकून देणार नाही.

तुमचा बिलाचा मुद्दा मला माझ्या बाजूचाच वाटतो. मतांचं बिल कुणालाच येत नाही, म्हणून तर ती स्वस्त असतात. वागण्याचं येतं. ते कुणाच्या नावावर फाडलं, हा वागण्याचाच भाग धरू. मग विष्णुशास्त्री वर, रानडे खाली आणि कर्वे मध्ये कुठेतरी, घरच्यांना विचारून.

बार_रूम

पंचहौदचं कुणीच काढलं नाही? ऑक्टोबर १८९०, पुण्यात मिशनऱ्यांकडे चहा. बोलावणारे गोपाळराव जोशी, म्हणजे डॉ. आनंदीबाईंचे यजमान. कप पुढे आले, कुणी प्यायले, कुणी नुसते हातात धरले. मग याच गोपाळरावांनी हजर असलेल्यांची नावं पेपरात छापून आणली! पुढे शंकराचार्यांकडे तक्रार, चौकशी, प्रायश्चित्तं. टिळकांनी सांगितलं मी काशीला प्रायश्चित्त घेऊन आलोय. रानडे बराच काळ अडून बसले आणि १८९२ मध्ये त्यांनी घेतलं. सुधारकांनी डोक्याला हात लावला.

रमाबाई लिहितात की ते स्वतःसाठी नव्हतं. बहिष्कारामुळे मित्रांच्या घरची लग्नकार्यं, लेकींची येणीजाणी अडली होती, त्यांच्या गळ्यातला फास सुटावा म्हणून घेतलं. आता गोदाक्कांचा नियम इथे लावा. तत्त्व पाळलं असतं तर बिल मित्रांच्या मुलींना आलं असतं. मोडलं, तर बिल स्वतःच्या अब्रूला आलं. या वेळी रानडे पास ना?

गोदाक्का

या वेळी पास. बायकोचं ऐकून मार्क देतेय, त्यांचं नाही. :)

खवट_आंबा

म्हणजे वडिलांसाठी तत्त्व मोडलं तर नापास, मित्रांसाठी मोडलं तर पास. परीक्षक बदला.

गोदाक्का

खवट, वडिलांच्या वेळी एक अकरा वर्षांची पोर मध्ये होती. चहाच्या वेळी नव्हती. एवढा फरक दिसत नसेल तर चष्मा बदला.

जुन्या_रद्दीवाला

बाप-लेकांची तुलना करायची तर रघुनाथ धोंडो कर्वे हवेत इथे. १९२१ मध्ये संततिनियमनाचं केंद्र काढलं, आणि याच कामापायी विल्सन कॉलेजातली गणिताची नोकरी गेली. जुलै १९२७ पासून १९५३ मध्ये जाईपर्यंत 'समाजस्वास्थ्य' मासिक चालवलं, जवळजवळ एकहाती. अश्लीलतेचे खटले झाले. १९३४ मध्ये डॉ. आंबेडकर त्यांच्या बाजूने उभे राहिले, तरी दंड झालाच. आणि मूल नको हे फक्त लोकांना सांगितलं नाही. शस्त्रक्रिया स्वतःची करून घेतली, बायकोला पुढे केलं नाही. त्या काळात. गोदाक्का, यांचं बिल कुणी भरलं म्हणाल?

गोदाक्का

बरंचसं त्यांनी. बाकीचं मालतीबाईंनी, त्यांच्या पगारावर ते घर उभं होतं असं ऐकून आहे. पण हा माणूस माझ्या यादीत वर. कारण सुरी स्वतःवर चालवली.

मनू_मराठे

मी इतके जड काही लिहू शकत नाही, पण एक घरचं. आमच्या सोसायटीत एक काका आहेत, फुले-आंबेडकर तोंडपाठ, जयंतीला भाषण त्यांचंच. त्यांच्याकडे स्वयंपाकाला येणाऱ्या मावशींचा चहाचा कप वेगळा आहे. कान तुटलेला, सिंकच्या वरच्या फळीवर पालथा. काकांना मी एकदा विचारलं. ते खरंच गोंधळले. म्हणाले, 'अगं, ते सगळं हिच्याकडे असतं, मी स्वयंपाकघरात बघत नाही.'

खोटं बोलत नव्हते ते. त्यांनी खरोखर कधी बघितलंच नव्हतं. तीस वर्षं.

फुल्यांनी १८६८ मध्ये घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला, हे ते दर जयंतीला सांगतात.

न्यूजर्सी_नाना

आई गं.

टवाळ_पोर

पुढे काय झालं? कप बदलला का?

मनू_मराठे

काका दुसऱ्या दिवशी नवीन सहा कपांचा सेट घेऊन आले. काकूंनी तो पाहुण्यांसाठी म्हणून शोकेसमध्ये ठेवला. मावशींनी मला सांगितलं, 'ताई, तुम्ही मध्ये पडू नका, मला माझा कप बरा, दुसऱ्या कुणी उष्टावलेला नसतो.'

बार_रूम

मावशी जिंकल्या. युक्तिवाद संपला माझा.

सायली_पुणे३०

माझा नाही संपला. काका तो सेट आणायला दुकानात गेले, ते फुल्यांमुळेच गेले ना? नाहीतर मनूने विचारल्यावर 'तुला काय करायचंय' म्हणाले असते. आपल्याच भाषणाची लाज वाटली म्हणून गेले. ते सोंग असेल, पण सोंग वठवायचं ओझं तरी आहे त्यांच्यावर. भाषणच न करणाऱ्या घरांत हा प्रश्न विचारता येईल का तुम्हाला?

पारावरचा

सायली, तुमच्याशी मी आता अर्धा सहमत आहे, ही धागाकर्त्यासाठी वाईट बातमी. तरी उरलेल्या अर्ध्यावर ठाम राहतो. काका दुकानात गेले, पण स्वयंपाकघरात गेले नाहीत. सहाशे रुपयांत लाज भागवून टाकली. फळीवरचा कप उचलून त्यात स्वतः चहा प्यायले असते, तर काकूंना शोकेस उघडावंच लागलं असतं.

व्यवस्थापक

दोन प्रतिसाद उडवले आहेत. जातीवरून वैयक्तिक टिप्पणी चालणार नाही. पहिली आणि शेवटची सूचना.

जुन्या_रद्दीवाला

उडवलेले वाचायचे राहिले, अरेरे. असो. रमाबाईंचं पुस्तक १९१० चं आहे, अनेक आवृत्त्या निघाल्यात, जुन्या वाचनालयात हमखास मिळेल. 'माझे पुराण' शोधायला जरा खटपट पडते. ज्यांनी फक्त नवऱ्यांची चरित्रं वाचलीत त्यांनी ही दोन लागोपाठ वाचावीत. मग इथे येऊन भांडावं.

गोदाक्का

माझ्याकडे 'माझे पुराण' आहे, पुण्यात कुणाला हवं असल्यास व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. परत करण्याच्या अटीवर. 'ज्ञान सर्वांचं असतं' वगैरे तत्त्वज्ञान सांगून मागच्या वेळी एकाने माझं पुस्तक दोन वर्षं ठेवून घेतलंय, तो हा धागा वाचतोय हे मला माहीत आहे.

टवाळ_पोर

आणतो हो आक्का, रविवारी.